विसावा हापसा

लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळात आमच्या गल्लीतल्या हापशावर तो रोज यायचा. क्षयातून नुकताच उठलेला, हातात फक्त तांब्या. नाव मी कधी विचारलं नाही.

मोजून दहा हापसे मारायचा, मग छातीवर हात ठेवून दम बघायचा. आठवड्याला एकच हापसा वाढवायचा. पाणी मात्र रोज खाली चाललेलं.

तो विसावर पोचला, त्या दिवशी विसाव्यालाही थेंब आला नाही. आता हा हट्टाला पेटतो की काय, असं मला वाटलं. त्यानं दांडा सोडला.

"माझे ईस झाले, भाऊ. एकविसावा फुडल्या हप्त्याला."

पुढचा नंबर माझा होता. त्याचा तांब्या मी तोटीखाली तसाच राहू दिला, दांडा दाबला आणि मोठ्यानं म्हणालो, "एकवीस."