कंबर तलावाजवळची हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या मिशनच्या इंग्रजी शाळेत असल्या गोष्टींना 'नॉनसेन्स' म्हणत, आणि मीही म्हणत असे. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो... पण घडलं ते घडलं.

माझे वडील, अण्णा, सोलापुरातल्या एका गिरणीत हेडक्लार्क होते. रिटायर झाल्यावर त्यांच्या आठवणी पुसत गेल्या. कधी ते मला आपली धाकटी बहीण समजत. गिरणीचा भोंगा झाला की मात्र टोपी घालून दारात उभे राहत. आई हात धरून आत आणी.

दोन वर्षांपूर्वी, वैशाखात, दुपारच्या भोंग्यानंतर ते घरात दिसेनात. वहाणा दारातच होत्या. एकदा उन्हानं चक्कर येऊन ते पडले होते. पुन्हा तसं झालं तर वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

भोंगा ऐकून गिरणीकडेच गेले असणार, असं सगळेच धरून चालले. दादा तिकडे धावला. त्यात पाऊण तास गेला — गेटावर ते आलेच नव्हते. मग दादा स्टेशनकडे गेला आणि मी कंबर तलावाकडे; पूर्वी ते मला तिथं फिरायला नेत. ते परत आले तर घरी कुणी हवं, म्हणून आई उंबऱ्याशी बसून राहिली. शेजारच्या नरसम्मा तिच्याजवळ होत्या.

तलावापलीकडे बाभळीखाली एक धनगर मेंढ्या घेऊन बसला होता. टोपीवाले म्हातारे गृहस्थ पाहिले का, एवढं विचारायलाही मला धीर गोळा करावा लागला. त्यानं कुणाला पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, "तुमच्यातल्याच बाई हाका मारायल्यात की तितं, वड्याकडं. कवाधरनं."

मी कान दिला.

"गोविंदराव..."

आवाज आईचा होता. आईनं अण्णांचं नाव घेतलेलं मी फक्त उखाण्यात ऐकलं होतं, तेही पुटपुटल्यासारखं. हे नुसतं नाव होतं — मोकळ्या आवाजात, पुन्हा पुन्हा.

मी आणि धनगर तिकडे धावलो. ओढ्यात बाई नव्हती. दरडीच्या सावलीत अण्णा बसले होते, तळपाय भाजलेले, ओठ सुकलेले. धनगरानं स्वतःजवळचं पाणी पाजलं. अण्णांनी माझ्या मागं पाहिलं. "ती कुठं राहिली? आत्ता तर हाक मारत होती."

टांग्यातून घरी आणलं. नरसम्मांनी सांगितलं, आई जागची हलली नव्हती, तोंडातून शब्दही काढला नव्हता. घरापासून तो ओढा कोसभर तरी असेल.

संध्याकाळी आई अण्णांच्या तळपायांना लोणी लावत होती. मी विचारलं, "तू त्यांना हाक मारलीस?"

तिनं लोण्याची वाटी खाली ठेवली.

"तोंडानं नाही गं. मनात मारली. नाव घेऊन."

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर अण्णा गेले. आई अजून स्वतःला दोष देते. मी तिला समजावते, की त्या हाकेनंच ते सापडले... पण मनातली हाक कोसभरावरच्या परक्या धनगराला कशी ऐकू गेली, हे मला सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. तलावाशी पोचल्यापासून अण्णा सापडेपर्यंत मी स्वतः त्यांना एकदाही हाक मारली नव्हती. उघड्या माळावर ओरडायची मला लाज वाटत होती.