वाटीची बेल

माझा साडू गाद्यांच्या दुकानात फोम कापतो. दिवसभर फोम अंगाला घासतो, म्हणून संध्याकाळी त्याच्या हाताला हात लावला की चट्कन ठिणगी उडते. मेव्हणी मला सांगते, "भावोजी, आधी त्यांना नळाला हात लावू द्या, मग गळ्यात पडा."

या माणसाला छंद इलेक्ट्रॉनिक्सचा, जिथं एवढ्याशा ठिणगीनं चिप मरते. म्हणजे लोण्यानं विस्तवाशी सोयरीक केली. कामाला बसण्याआधी तो सुती सदरा घालतो, मनगटाला पट्टा बांधतो आणि पट्ट्याची वायर अर्थिंगला जोडतो. अंगातली वीज तिकडून हळूहळू उतरते. चिप कडेनं धरायची, तिच्या पायांना बोट लागू द्यायचं नाही. मी म्हणतो, "मेव्हणीनं बांधून ठेवलंय वाटतं." तो मान वर करत नाही. हातात काम असताना करूही नये.

मागं त्याच्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायू झाला. आवाज बसला. बेलचं बटण दाबण्याइतका जोर बोटांत उरला नाही. एकदा कुणाला न बोलावता बाथरूमला निघाले आणि पडले. पुन्हा पडले तर उठणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

साडूनं पलंगाशेजारी स्टीलची वाटी उपडी बसवली. नुसतं बोट टेकवलं की स्वयंपाकघरात बेल. दोन दिवस वाजली, मग चिप मेली. दुसरी घातली, तीही गेली. साडूनं विकणाऱ्याचा उद्धार केला. तिसरी घातल्यावर मात्र तो तिथंच बसून राहिला. आबांना बारा महिने थंडी वाजते. त्यांचा हात नायलॉनच्या ब्लँकेटला घासत बाहेर आला आणि वाटीला टेकायच्या आत चट् झालं.

साडूनं वाटी आणि चिपच्या मधे ठिणगीचा जोर अडवायला मोठा रेझिस्टर घातला, उरलेली वीज बाजूला वळवायला दोन डायोड लावले. मग दुकानातून आल्या आल्या, नळाला हात न लावता, मुद्दाम स्वतःच वाटीला बोट लावायचा. ठिणगी उडायची. चिप जिवंत.

तरी आबांची बेल वाजेना. साडूनं सगळं पुन्हा उघडलं, तपासलं, बंद केलं. मेहनत फुकट. आबा वाटीला बोट लावतच नव्हते. बोटाला रुमाल गुंडाळून टेकवत होते.

"आबा, उघडं बोट लावा ना."

"तू लाव," आबा पुटपुटले. "चटका मला बसतो."

साडू मला म्हणाला, "चिप वाचवली. बाप राहिला."

तो आपला मनगटाचा पट्टा घेऊन आला. आबांनी हात मागं घेतला. "मी बैल आहे का, दावं लावायला?"

मेव्हणीनं वाद घातला नाही. ब्लँकेट धुवायला म्हणून उचललं आणि दोन सुती चादरी एकावर एक घातल्या. आठवड्यानं आबांनी विचारलं, तर म्हणाली, "वाळायचंय अजून." बाहेर ऊन मी म्हणत होतं.

त्या दुपारी आम्ही जेवत होतो. बेल वाजली. साडू उष्ट्या हातानं धावला. रुमाल उशीवर पडला होता आणि आबांचं बोट वाटीवर होतं. बाथरूमला जायचं होतं. साडूनं हात धुतला, आबांच्या काखेत घातला, नेलं, आणलं, निजवलं. मग येऊन गार झालेलं जेवण संपवलं.