ताईचं बरोबर होतं

माझा छापखाना आणि ताईची बायंडिंगची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीलाही दार होतं. मी छापलेले ताव तिकडे सरकवायचे, तिने घड्या घालून, शिवून, पुठ्ठा चढवून त्याचं पुस्तक करायचं, असं बावीस वर्षं चाललं. ती माझी नात्याने कुणी नव्हती. पण दूधवाल्यापासून चर्चच्या पाळकांपर्यंत सगळेच तिला ताई म्हणायचे, तसा मीही.

आईवडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भाऊ आठ वर्षांचा. लग्न तिने केलं नाही. भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. कुणी कौतुक केलं तर म्हणायची, "त्यात काय? ज्या शेगडीवर खळ शिजवली, तिच्यावरच त्याचंही शिजवलं."

स्वभाव मात्र पुठ्ठ्यापेक्षा कडक. रविवारी जुन्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसायची आणि उपदेशात काही चुकलं तर बाहेर पडताना पाळकांना दारातच सांगायची. बिचारे तिच्या बाजूला बघायचं टाळायचे. आपल्या गरिबीचा तिला एक तोराही होता. "आपला प्रभू सुतार होता, सावकार नव्हता," हे तिचं आवडतं वाक्य.

भाऊ फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता. जिभेवर साखर. त्याच दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये एक नवी मंडळी, म्हणजे नव्या पंथाची प्रार्थनासभा, भरायला लागली आणि वर्षभरात तो तिथे पुढच्या रांगेत जाऊन बसला. तिथल्या उपदेशकाला सगळे ब्रदर म्हणत. ब्रदरचं सांगणं सोपं होतं: देव राजा आहे, तर त्याची लेकरं भिकाऱ्यासारखी का राहतात? विश्वास कमी पडतो म्हणून. देणं म्हणजे पेरणं. जितकं पेराल त्याच्या शंभरपट उगवेल. आणि आजाराचं, अडचणीचं नाव तोंडातून काढायचं नाही, कारण नाव घेतलं की त्याला घर मिळतं.

एकदा भाऊ आपलं शास्त्र, म्हणजे बायबल, बांधायला घेऊन आला. ताईने ते टेबलावर ठेवून हात काढून घेतला. पुस्तक आपोआप उघडलं ते जुन्या करारातल्या दशमांशाच्या, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्याच्या, पानावर.

"बघ," ती मला म्हणाली, "माणूस कुठे थांबतो ते पुस्तकाची पाठ सांगते. ह्याचं बाकीचं शास्त्र अजून कोरं करकरीत आहे."

"ताई, तुला गरिबीच पवित्र वाटते," तो हसत म्हणाला. "देवाला आपल्याला काही द्यायचं असेल तर तू त्यालाही हाकलशील."

"देवाला नाही. मध्ये थैली धरून उभा आहे त्याला हाकलीन."

हे भांडण तेव्हा हसण्यावारी जायचं. भावजय दुपारी ताईच्या हाताखाली शिवणकाम करायला यायची. ती दोघांकडे बघून मान खाली घालायची आणि सुई ओढत राहायची. अबोल बाई. पण ताईचा तिच्यावर जीव होता.

एका दुपारी तिने सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, मला छातीत गाठ लागतेय. तीन आठवडे झाले. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, असं बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी ताईने खोलीला कुलूप लावलं आणि तिला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आत्ता काढली तर बरं होण्याची आशा चांगली आहे. ऑपरेशनचा खर्च मोठा होता, पण भावाकडे तेवढी शिल्लक होती. ताईला आकडा ठाऊक होता. साठवायची सवय तिनेच लावली होती.

संध्याकाळी तिने त्याला सगळं सांगितलं. तो रडला. खरंच रडला, मी दारात उभा होतो. त्याचं बायकोवर प्रेम नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. पुढच्या रविवारी त्याने ती सगळी शिल्लक ब्रदरच्या नव्या प्रार्थनामंदिराच्या बांधकामाला देऊन टाकली.

"तिच्यासाठीच पेरलं, ताई," तो म्हणाला. "स्वतःसाठी नाही. आता बघच तू."

त्याच्या पुढच्या रविवारी ताई आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉलचा जिना चढली. मी बरोबर गेलो होतो. गाणी संपल्यावर ती उभी राहिली आणि भरल्या सभेत म्हणाली, "माझ्या भावाने दिलेले पैसे परत द्या. त्याची बायको आजारी आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. आजाराचं नाव निघालं होतं. ब्रदर चिडला नाही. प्रेमाने म्हणाला, "ताई, पेरलेलं बी कुणी उकरून काढतं का? उकरलं तर ना बी राहतं, ना पीक." लोक हसले. मग त्याने ताईचा अविश्वास जावा म्हणून प्रार्थना करायला सांगितलं आणि दोनशे हात तिच्या दिशेने उंचावले. त्यांत भावाचेही होते. भावजय खुर्चीत बसून होती, तिने हात उचलले नाहीत.

ताई तडक जुन्या पाळकांकडे गेली. जाहीर बोला, त्या मंडळीला पत्र लिहा म्हणाली. पाळक चष्मा पुसत राहिले. "तेही आपलेच बंधू आहेत, ताई. उगाच फाटाफूट दिसते." आपल्यातल्या चार श्रीमंत घरांचा एक पाय त्या हॉलमध्ये आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सगळ्यांनाच माहीत होतं.

आता मी सांगतो ते ताईच्या विरुद्ध आहे, पण सांगायला हवं. ऑपरेशनपुरते पैसे ताईकडे होते. कागद कापायच्या मशीनसाठी तिने नऊ वर्षं साठवले होते. मी म्हणालो, "ताई, तुझे भर आत्ता. भांडण नंतर भांड."

तिने ब्रश खळीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "मी भरले तर उद्या तो माईकवर उभा राहून सांगेल, पेरलं आणि उगवलं. माझ्या घामाची साक्ष त्या ब्रदरच्या नावावर? नाही. त्याने परत मागायचे. त्यालाच कळू दे."

"आणि तोवर?"

"एकदोन आठवड्यांत वळेल. मी वाढवलाय त्याला."

तो वळला नाही. तीही वळली नाही. दोघं एकाच मातीचे. तो रोज सकाळी बायकोच्या डोक्यावर हात ठेवून ती बरी झाल्याबद्दल देवाचे आभार मानायचा. ताई रोज संध्याकाळी त्याला विचारायची, मागितलेस का? भावजय दुपारी येऊन शिवत बसायची. एकदा ती मान वर न करता म्हणाली, "तुमचं दोघांचं कधी संपणार, ताई?" ताईने तिच्या सुईत नवा दोरा ओवून दिला.

अकरा आठवड्यांनी ताईने पैसे भरले. डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, "मधे कुठे होतात?" ऑपरेशन झालं. पण तोवर आजार पसरला होता.

भावाने हॉलमध्ये साक्ष दिली. ताई म्हणाली होती अगदी तशीच, माईकवर, डोळे मिटून: खिशात दमडी नसताना देवाने ऑपरेशनचा खर्च उभा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सात महिन्यांनी भावजय गेली. शेवटचे दोन महिने ताईच तिचं सगळं करत होती.

दफनाच्या वेळी भाऊ कबरीच्या पलीकडून म्हणाला, "तुझ्या तोंडाने मारलं तिला. भरल्या सभेत नाव घेतलंस." त्याच्यामागे उभ्या असलेल्यांनी माना डोलावल्या. अलीकडे आमचे लोक होते. परतताना एकेक जण ताईचा हात धरून हळूच म्हणाला, "ताई, तुमचंच बरोबर होतं." पाळकसुद्धा म्हणाले.

घरी येऊन तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. "माझंच बरोबर होतं," ती मला म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. म्हणून तर मेली ती."

त्यानंतर ताई चर्चला जायची, पण तिसऱ्या बाकावर नाही, मागे दाराजवळ. पाळक उपदेशात काहीही बोलले तरी गप्प बाहेर पडायची. काम चोख होतं, बोलणं मात्र कामापुरतं उरलं.

दोन वर्षांनी भाऊ आला. अंगावर चांगला सूट होता, आता तो हॉलमध्ये ब्रदरच्या शेजारी बसायचा. उंबऱ्याच्या आत आला नाही. म्हणाला, "ताई, मनात कटुता ठेवली तर आशीर्वाद अडतो. म्हणून सांगायला आलो. मी तुला क्षमा केली."

मला वाटलं, आता ती हातातला पुठ्ठा त्याच्या तोंडावर मारणार. तिने पुठ्ठा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "बरं. बारीक झालास. जेवून जातोस का?"

त्याने घड्याळ बघितलं. गाडी भलत्याच जागी लावलीय म्हणाला, आणि गेला.