छत्रीनंतरची जागा

"तू थांबलीस."

"थांबले."

"मुलगी घर सोडून निघालीय आणि तू हशाची वाट बघत उभी! हे नाटक आहे, ताई. तुझा तो माइक नाही इथे."

"हशा येणार, सर. तो ओसरायच्या आत बोलले, तर पुढचं वाक्य वाहून जाईल."

"महिनाभर तालमी चालल्यात. कुणी हसलं?"

"तालमीत बघायला कोण? तुम्ही. तुम्ही तर स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही हसला नसाल."

नाटकातली मुलगी म्हणजे मी. बॅग घेऊन दारात उभी होते. हसू दाबताना ती हातातून सुटली. दिग्दर्शक माझ्याकडे बघून मग ताईकडे वळले. "दुपारी रंगीत तालीम आहे, पाहुण्यांसमोर. तिथे थांबलीस, तर उद्या आईचं काम दुसरी करेल."

ताई अकरा वर्षं वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर होती. समोर येणारा प्रत्येकजण तावातावाने येई. ताई त्याला ओरडू देई, मग एकच वाक्य बोलून गप्प बसे. माणूस फिस्सकन हसे आणि त्यानंतर हळू आवाजात खरं काय ते सांगे. एकदा साहेबांच्या निरोप समारंभात ती दहा मिनिटं बोलली. साहेब आधी हसले, मग रडले. अडतिसाव्या वर्षी तिने नोकरी सोडली. आता दिवसा नाटक, संध्याकाळी एकटीचे विनोदी कार्यक्रम. नवरा फोनवर विचारतो, "आज जेवायला कोण येतंय? नटी की नकलाकार?" ताई म्हणते, "जिला भूक लागेल ती. भांडी मात्र तूच घास."

दुपारी चाळीसेक माणसं आली. तो प्रवेश आला. मी बॅग उचलली. ताईने छत्री पुढे केली.

"ही ने. परत द्यायला तरी येशील."

मागच्या रांगेतून हशा फुटला आणि पुढपर्यंत आला. ताईने मात्र प्रेक्षकांकडे पाहिलंसुद्धा नाही. छत्रीचा पट्टा सैल होता. तो ती आवळत राहिली, बटण लागेना म्हणून पुन्हा आवळला. हशा विरला. शेवटची खुर्ची करकरून थांबली, तेव्हा तिने छत्री माझ्या हातात दिली.

"नाही आणलीस, तरी चालेल."

पहिल्या रांगेतल्या बाई मघाशी सगळ्यात मोठ्याने हसल्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर घेतला. मला पुढे फक्त "येते" म्हणायचं होतं. ते मी छत्रीकडे बघतच म्हटलं.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक विंगेत चष्मा पुसत उभे होते.

"थांबणं ठेव," ते म्हणाले. "तो पट्टाही ठेव. आईचं काम तुझंच."

"बरं."

"पण संध्याकाळचा कार्यक्रम रद्द कर. उद्या पहिला प्रयोग आहे, आवाज बसला तर? आणि नेहमीचंच सांगतोय मी, ताई. एक काहीतरी धर आता."

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. सहाला तिचा कार्यक्रम होता. आईची शाल उतरवली, नीट घडी घातली आणि दिग्दर्शकांच्या हातावर ठेवली. पर्स खांद्याला लावली.

"ताई, मी काहीतरी सांगतोय."

दार ढकलून ती बाहेर पडली. पायांत आईच्याच चपला होत्या.