चारपैकी तीन जीबी

स्वतःबद्दल शंका घेण्याची मला कधी सवयच नव्हती. नागपूरहून पुण्यात आले, कर्वेनगरात दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला आणि तीन वर्षांत सॉफ्टवेअर कंपनीत टीमलीड झाले. त्यामुळे त्या काळी भारीतला समजला जाणारा चार जीबी रॅमचा लॅपटॉप मला मिळाला, तेव्हा तो माझा हक्कच वाटला. बाकीचे बिचारे एक जीबीवर दिवस काढत होते.

पहिल्याच सकाळी मी त्याची माहिती उघडून पाहिली. मेमरी तीन जीबी. बंद करून पुन्हा चालू केला, तरी तीनच. माझं डोकंच फिरलं. माझ्या हाती येण्याआधी लॅपटॉप दोन दिवस हार्डवेअर बघणाऱ्या काकांकडे होता. हे काका पन्नाशीचे, सदाशिव पेठेतून स्कूटरवर येणारे, कंत्राटावरचे. रॅम त्यांनीच काढली, हे मी ठरवूनही टाकलं.

आमच्या ऑफिसात पंखा बंद पडला तरी मेल करायची आणि कॉपीत सगळ्या मजल्याला घ्यायचं, अशी रीत होती. मीही लिहिलं, ‘एक जीबी मेमरी गायब आहे. लॅपटॉप कुणाच्या ताब्यात होता, याची चौकशी व्हावी.’ चाळीस जणांना मेल गेली. दुपारी मॅनेजर खूश होऊन म्हणाले, “बरं झालं. त्यांचं कंत्राट याच महिन्यात संपतंय, आता वाढवत नाही.”

थोड्या वेळाने काका स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“बसा मॅडम. चोरीचा माल दाखवतो.”

त्यांनी लॅपटॉप उलटा करून झाकण काढलं. आत दोन पट्ट्या, दोन-दोन जीबीच्या, जागच्या जागी.

“मग एक जीबी दिसत का नाही?”

“आपली ऑपरेटिंग सिस्टिम बत्तीस बिटांची. मेमरीतल्या जागांना द्यायला तिच्याकडे पत्ते चारच जीबीपुरते. त्यातले काही ग्राफिक्स कार्ड वगैरे मंडळी अडवतात. उरलेल्या रॅमला पत्ताच नाही, मग वापरणार कशी? कॉलेजात शिकवलं असेल की आपल्याला.”

शिकवलं होतं. परीक्षेत हेच उत्तर लिहून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांना चहाच्या मशीनपाशी गाठून मी हळूच म्हटलं, “काका, चुकलं माझं.”

“तक्रार चाळीस जणांना,” ते कप भरत म्हणाले, “आणि माफी इथे?”

मी जागेवर आले. तीच मेल उघडली आणि सगळ्यांना उत्तर लिहिलं, ‘मेमरी पूर्ण आहे. काहीही चोरीला गेलेलं नाही. मला माझ्याच विषयातलं कळलं नाही आणि मी एका प्रामाणिक माणसावर आळ घेतला.’ मेल पाठवताना लाज वाटली, फार वाटली.

मॅनेजर केबिनबाहेर आले. “एवढं लिहायची काय गरज होती? तुझंच हसं झालं.”

“होऊ दे, सर. त्यांच्या कंत्राटावर सही करा.”

“बघू उद्या.”

“आज,” मी म्हटलं आणि सही होईपर्यंत त्यांच्या दारातून हलले नाही.