मठातला गाभारा

माझे सासरे लग्नापासून मला 'कॉम्प्युटरवाले' म्हणतात. म्हणजे डोकं मशीनमध्ये, खांद्यावर नुसती टोपीची सोय. यंदा ते पुण्याहून आमच्याकडे नॉटिंगहॅमला आले, तेव्हा ठरवलं, हा शिक्का पुसायचाच. इथून तासाभरावरच्या एका गावात, सुपरमार्केटच्या कार पार्कमागे, फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या, म्हणजे फ्रायर्सच्या, मध्ययुगीन मठाचे अवशेष आहेत. सासऱ्यांना आणि लेकीला घेऊन तिथे जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मी ऑनलाइन जमेल तेवढा विद्वान झालो.

"हे भिक्षू कमरेला दोरी बांधायचे, पैशाला शिवायचे नाहीत. दारोदार माधुकरी मागून जगायचे," मी सुरू केलं. "पुढे राजाला मठ नकोसे झाले. त्यानं छपरावरचं शिसं काढून नेलं, दगड गावकऱ्यांनी."

माधुकरी म्हणताच सासरे थबकले. ते स्वतः वार लावून जेवत शिकलेले.

"बोला, जावईबापू."

जावईबापू! एवढी बढती मला ऑफिसातसुद्धा मिळालेली नाही. तिथेच गप्प बसायचं, तर नाही. समोर एक लांबट, अरुंद खोली आली. भिंतीत ओळीनं कोनाडे, खाली दगडी पन्हळ. मी पाहताक्षणी ओळखलं.

"हा गाभारा. कोनाड्यांत मूर्ती असणार. आणि अभिषेकाचं तीर्थ या पन्हळीतून बाहेर."

सासऱ्यांनी बूट काढले. ओल्या गवतात गुडघे टेकून दगडाला डोकं लावलं. पन्हळीत साचलेलं पावसाचं पाणी बोटांनी डोळ्यांना लावलं. 'मठाच्या गाभाऱ्यात नतमस्तक' असं लिहून मी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलासुद्धा.

"बाबा, तू बोर्ड नाही वाचला?" मागून माझी लेक म्हणाली. तिचा जन्म इथला. मराठीत तिचा गोंधळ होतो, वाचनात होत नाही. "ही गाभारा नाहीये. हा फ्रायर्सची टॉयलेट आहे. सगळे लाइनमध्ये बसायची."

तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर मेव्हण्यानं लिहिलं होतं, 'वा! थोडं तीर्थ आमच्यासाठीही आणा.'

सासऱ्यांनी रुमालानं सावकाश डोळे पुसले. मग आणखी एकदा पुसले. बूट चढवले. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"राहू द्या. नमस्कार माधुकरी मागणाऱ्यांना केला होता, तो पोचला," ते म्हणाले. "आणि कॉम्प्युटरवाले, तुमचं भाषणही अगदी योग्य जागी झालं."