बबनच्या कथेचे सात शेवट

बबन गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगावला, घरी, दहावीचे निबंध तपासत बसलो होतो. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो त्याच्या कथेचा... आता तिचा शेवट तो मला विचारणार नाही. दुःख मागाहून आलं.

पिंपरी पेंढारच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा, मी मराठी. म्हणजे कथा लिहिणं हे माझं काम. नव्वदच्या दशकात माझ्या तीन-चार छापूनही आल्या. कोणाला आठवत नाहीत. आणि एका दिवाळीआधी हा बबन स्वतःची कथा लिहिलेली वही घेऊन आला. विज्ञानानं मरण संपवलंय, गावोगावच्या दशक्रिया बंद पडल्यात, आणि घाटावर श्रद्धांजलीची भाषणं करणाऱ्या पुढाऱ्यांना करमेनासं झालंय. शेवटी ते जिवंत म्हाताऱ्यांनाच मांडवात बसवून त्यांच्यावर बोलू लागतात. दोनशे वर्षांचा एक म्हातारा सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "एवढं चांगलं बोलता, तर मरायची सोय पायजे व्हती." संपली कथा.

त्याच दशक्रियांना मी वीस वर्षं जात होतो, तीच भाषणं ऐकत होतो. मला हे सुचलं नव्हतं.

"कशी वाटली, राव?"

"बरी आहे. शेवट जमला नाही."

"वाटलंच मला. तुमाला मराठीवाल्यांना कळतं त्यातलं."

पुढं दर दिवाळीआधी तो नवा शेवट आणायचा. म्हातारा चंद्रावर जातो, म्हातारा शास्त्रज्ञावर खटला भरतो... प्रत्येक शेवट आधीच्याहून वाईट. मी म्हणायचो, "अजून नाही." कथा कुठंच पाठवली गेली नाही.

त्याच्या दशक्रियेला पाच पुढारी बोलले. एकानं त्याला गणिताचा शिक्षक केलं, पाचांनी मिळून अमर केलं. हसायला शेजारी बबन नव्हता.

परवा बबनच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींनी ती वही हातात दिली. "भावजी, सात शेवट हायेत ह्यात. तुमाला पटंल त्योच ठेवायचा, आसं म्हणायचे. कुठला ठेवू?"

"पहिला."

वहिनींनी वहीची पानं चाळली. "मंग इतकी वर्सं त्ये काय लिवत बसले व्हते?"

"मी खोटं बोललो होतो, वहिनी. मी त्याच्यावर जळत होतो."

त्या उठून आत गेल्या. नेहमीचा चहा आला नाही.

शाळा सुटल्यावर आता ती कथा उतरवून काढतो, त्याच्या नावानं पाठवायला. काल म्हाताऱ्याच्या वाक्यापाशी आलो. एक शब्द बदलावा असं फार वाटलं... नाही बदलला. पण ते वाक्य मला सुचायला हवं होतं, हे अजून मनातून जात नाही.